फियाट, बाबांची वही आणि लायनरचा प्रश्न

मागच्या महिन्यात आम्ही वाईला निघालो होतो. मामेबहिणीकडे वास्तुशांत होती. बाबा शेजारी, मागच्या सीटवर आहेराची पिशवी आणि पाण्याचे दोन कॅन. बऱ्याच दिवसांनी फियाट गावाबाहेर निघाली म्हणून बाबा खुशीत आहेत असं मला वाटत होतं. खंबाटकीचा घाट लागला, मी गिअर खाली घेतला आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर आरशात पाहिलं तर मागचा रस्ताच दिसेना. निळसर धूर! काटा पाहिला तर तो लाल रेषेला टेकलेला. कडेला घेऊन बॉनेट उघडलं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं दगडावर बसून इंजिन गार होण्याची वाट पाहत होतो, आणि जाणारे-येणारे काचा खाली करून "काय झालं काका?" विचारत होते. शेवटी भाचा येऊन आम्हाला घेऊन गेला. फियाट दुसऱ्या दिवशी टेम्पोवर चढून पुण्यात परतली.

चूक माझीच होती. रेडिएटर वर्षभर थेंब थेंब गळत होता, आणि दर वेळी पाणी ओतून मी पुढे ढकलत होतो.

आमचे मिस्त्री आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांनी चारही प्लग काढले, एकेका सिलिंडरला मीटर लावून कॉम्प्रेशन पाहिलं. दोन ठीक, दोन मेलेले. मग त्या दोघांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं, तर आकडा चढला. "व्हॉल्व्ह नाही, खालचं काम आहे," ते म्हणाले. (युक्ती साधी आहे. ऑइल रिंगांच्या फटीत बसतं आणि तेवढ्यापुरती फट बुजते. व्हॉल्व्ह गळत असतील तर ऑइलने फरक पडत नाही.) हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या भिंतीवरच्या उभ्या चरा मलाही दिसल्या. "दोनदा बोअर झालंय हे. आता आणखी कापायला भिंत राहिली नाही. लायनर टाकावे लागतील." लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, नवा रेडिएटर, मजुरी.. सगळं मिळून ऐंशी हजार. गाडी आहे तशी भंगारात दिली तर तीस हजार येतील म्हणे.

घरी मतदान झालं. बायको म्हणाली, पार्किंगची जागा मोकळी होईल. मुलगी म्हणाली, विकलीस तर बोलणार नाही (ती गाडीत वर्षातून दोनदा बसते, दोन्ही वेळा फोटो काढायला). धाकट्या भावाने बंगलोरहून फोनवर विचारलं, "ऐंशी हजार? तू बरा आहेस ना?" मोठ्या आत्याने नेहमीप्रमाणे कुणाचीच बाजू घेतली नाही. आणि बाबा, वय वर्षं ब्याऐंशी, पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणाले, "त्यात विचारायचं काय?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मला वाटलं, बरोबर आहे, बाबांच्या पिढीला हा प्रश्नच कधी पडला नाही. गाडी बिघडली की दुरुस्त करायची. कधी आणि कुठे एवढंच ठरवायचं, करायची की नाही हे नाही. मग हा प्रश्न आपल्याला कधीपासून पडायला लागला? ते शोधत बसलो. हे पोस्ट म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे. थोडा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात इंजिनापासून. आमची गाडी १९८४ची, प्रीमियर पद्मिनी. (बाबा तिला आजही फियाटच म्हणतात, आणि त्यांच्या वयाचे सगळेच म्हणतात.) तिच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. हेच माप, हाच आकडा आणि लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड ही रचना फियाटच्या १९३७ सालच्या ५०८सी या गाडीत होती. दान्ते जकोझा या तरुण इंजिनीयरचं ते काम. म्हणजे महायुद्धाच्या आधी इटलीत आखलेलं इंजिन आमच्याकडे १९८४ साली 'नवं' म्हणून आलं, आणि सुधारणा होत होत विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिलं. बाबांपेक्षा इंजिन वयाने मोठं आहे! १९५३ साली त्याच इंजिनाभोवती इटलीत नवी ११०० आली, पुढे ११००डी. इटलीने १९६९पर्यंत ११०० बंद करून पुढची गाडी आणली. आपण मात्र तिथेच थांबलो.

का थांबलो, याची गोष्ट कुर्ल्यात सुरू होते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचं नाव आपल्याला साखर कारखान्यामुळे आणि सांगलीच्या इंजिनीयरिंग कॉलेजमुळे माहीत असतं. पण त्यांनी १९१९ साली सिंधिया कंपनीतून जहाजं हाकली, १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना उभारला आणि मोटारीचा ध्यास तर त्याच्याही आधीपासून घेतला होता. भारतात मोटार बनली पाहिजे म्हणून सर विश्वेश्वरय्या तिशीच्या दशकात योजना घेऊन देशोदेशी फिरले, आणि त्या खटपटीत वालचंद त्यांच्याबरोबर होते. इंग्रज सरकारने हात दिला नाही. वर युद्ध आलं. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी बाहेर पडल्या त्या डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा ऐसपैस अमेरिकन गाड्या. पन्नाशीच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. आधी चिमुकली फियाट ५०० आणि १९५४पासून ११००. वालचंद मात्र १९५३च्या एप्रिलमध्ये गेले. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचं नाव घरोघरी पोचवलं, ती त्यांनी पाहिलीच नाही.

त्याच १९५३ साली सरकारने एक मोठा निर्णय घेतला. नुसते सुटे भाग आणून इथे जोडणाऱ्या कंपन्या नकोत. हळूहळू सगळी गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८पासून होता. त्यांनी गाशा गुंडाळला, फोर्डनेही गुंडाळला. मैदानात मोजके देशी राहिले. सर्वसामान्यांसाठी पुढची तीस वर्षं गाडी म्हणजे तीन नावं: ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड.

हेतू वाईट नव्हता, हे सांगायला हवं. परकीय चलन नव्हतं. स्क्रूपासून क्रँकशाफ्टपर्यंत सगळं इथे बनवायचं तर ते शिकायला वेळ लागणारच होता. आज पुण्या-पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात सुट्या भागांचे जे कारखाने दिसतात, त्यांच्यासारख्यांची मुळं त्या सक्तीत आहेत. पण सरकारच्या यादीत मोटार म्हणजे चैन. किती गाड्या बनवायच्या ते परवाना ठरवणार, बाहेरून काय आणायचं ते दुसरा परवाना ठरवणार. गाड्या कमी आणि मागणारे जास्त, म्हणून १९५९ साली वाटपावर नियंत्रण आलं. डीलरकडे नोंदवही, वहीत नंबर, नंबर येईल तेव्हा गाडी. साठीच्या दशकात लोक फियाटसाठी वर्षानुवर्षं थांबत. मुलाच्या बारशाला नंबर लावला आणि मुंजीला गाडी आली, असा विनोद आमच्या आजोबांच्या तोंडी होता.

१९६९ साली सरकारने गाड्यांच्या किमतीही बांधून दिल्या. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७१ साली या तीन गाड्यांची रास्त किंमत किती याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला! आज मोबाइलवर पाच मिनिटांत पंधरा गाड्यांची तुलना करणाऱ्या माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिला मी थापा मारतोय असं वाटलं.

या टंचाईचा एक परिणाम असा की वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग जायची, कारण ती आज मिळत होती. दुसरा परिणाम, गाडी घरात आली की ती गाय आल्यासारखी येई, जन्माची. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ साली घरच्यांच्या आग्रहाखातर फियाट घेतली. किंमत बारा हजार, जवळ सात हजार, म्हणून पाच हजारांचं बँकेचं कर्ज. १९६६च्या जानेवारीत ते ताश्कंदला गेले आणि परत आलेच नाहीत. उरलेलं कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी अजून दिल्लीला त्यांच्या स्मारकात उभी आहे. पंतप्रधानाच्या घरी ही गत, तर पाटबंधारे खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याला इंजिन धूर मारायला लागल्यावर "घेऊन टाकू दुसरी" असं कुठून सुचणार?

आणि तिसरा परिणाम म्हणजे आमचे मिस्त्री. म्हणजे ते एकटे नव्हेत, ती सगळी जमात. नवी गाडी मिळत नाही म्हटल्यावर जुनी जिवंत ठेवणाऱ्यांचा एक अख्खा उद्योग देशभर उभा राहिला. तालुक्याच्या गावी लेथवाला असायचा. घासलेला क्रँक ग्राइंड करून द्यायचा, सिलिंडर केसभर मोठा कापून त्यात पुढच्या मापाचा पिस्टन बसवायचा. बोअरिंग म्हणजे नेमकं हेच. दोन-तीनदा असं झालं की भिंत पातळ होते, मग सिलिंडर आणखी कापून आत नवी नळी ठोकायची, तो लायनर. त्या लायनरला पुन्हा मूळचा ६८चा बोअर. म्हणजे इंजिन परत पहिल्या दिवसावर! पुनर्जन्मावर विश्वास नसलेल्या माझ्यासारख्यालाही ही कल्पना आवडते. पद्मिनीचं इंजिन या लोकांना पाठ होतं. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर, फॅनचा पट्टा, सगळं डोळ्यांसमोर, हात घालता येईल असं. लॅपटॉप जोडल्याशिवाय बोलत नाही अशी भानगड नाही.

इथपर्यंत आल्यावर मी स्वतःवर खूश होतो. माझा सिद्धान्त तयार झाला होता. दुरुस्ती हा आपला संस्कार नव्हता, नाइलाज होता. बाबांना प्रश्न पडला नाही, कारण दुसरं उत्तर उपलब्ध नव्हतं. प्रश्न तयार झाला तो १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा, आणि पक्का झाला १९९३ साली मोटार उद्योगाचा परवाना उठला तेव्हा. त्यानंतर एकेक करून जगभरच्या कंपन्या आल्या. कुर्ल्याच्या त्याच आवारात १९९६ साली फियाट उनो बनायला लागली. २०००च्या सुमारास पद्मिनी बंद झाली. कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत, आणि रस्त्याला प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलंय.

सिद्धान्ताला पुरावा हवा म्हणून मी बाबांची वही काढली.

आमच्या नातेवाइकांना ही वही माहीत आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, खात्यातून मिळालेली. १९८४ सालच्या पहिल्या पानावर गाडीची किंमत, ऑफिसचं कर्ज आणि हप्ता. शेजारच्या काकांनी तेव्हा मारुतीसाठी दहा हजार भरले होते आणि सोडतीत आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत होते. बाबांनी मात्र "पत्र्याच्या डब्यावर" विश्वास ठेवला नाही. पुढे प्रत्येक लिटर, प्रत्येक पंक्चर, प्रत्येक प्लग. १९९३: 'इंजिन काम. बोअरिंग पहिले.' रक्कम, तारीख, लेथवाल्याचं नाव. शेजारी दुसरा रकाना नाही, विचार नाही. माझ्या सिद्धान्तात अगदी चपखल!

मग २००४चं पान आलं. 'इंजिन. बोअरिंग दुसरे.' आणि त्याच्या आधीचं पूर्ण पान.. मी तीनदा वाचलं. पानाच्या मधोमध पट्टीने आखलेली रेघ. डावीकडे 'फियाट दुरुस्त', उजवीकडे 'मारुती, जुनी'. डावीकडे इंजिनाचा खर्च, दर लिटरला किती किलोमीटर, वर्षाला अंदाजे किती किलोमीटर, पुढच्या पाच वर्षांचं पेट्रोल. पेट्रोलमधलं शिसं २०००पासून देशभर बंद झालंय, व्हॉल्व्ह सीटकडे लक्ष ठेवणे, असा शेरासुद्धा. उजवीकडे मारुतीचं तेच सगळं. खाली दोन्ही बेरजा. मारुती स्पष्ट जिंकत होती. चांगल्या सतरा हजारांनी.

आणि बेरजेच्या खाली एक ओळ. 'आईला मारुतीत वाकून बसता येत नाही. फियाटच.'

आजीचा खुबा २००३ साली मोडला होता. बसवलेला खुबा, एका हातात काठी. फियाटची सीट खुर्चीएवढी उंच, दार मोठं. आजी पाठमोरी उभी राहायची, सीटवर टेकायची आणि मग बाबा तिचे दोन्ही पाय उचलून आत ठेवायचे. गिअर स्टिअरिंगजवळ असल्यामुळे पुढे पायांना मध्ये काही अडसर नाही. हे दृश्य मी पन्नास वेळा पाहिलं असेन. ते कुठल्या हिशेबाचं उत्तर आहे हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं.

म्हणजे बाबांना प्रश्न पडला होता! नीट, रेघ आखून पडला होता. आणि त्यांनी दिलेलं उत्तर ना नाइलाजाचं होतं, ना जुन्याच्या प्रेमाचं. गाडीत बसायचं कुणाला आहे, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. विचारलं, "तुम्ही परवा म्हणालात, त्यात विचारायचं काय.. म्हणजे दुरुस्त करायची असंच ना?"

बाबांनी चष्मा काढला. "अरे, दुरुस्त कशाला? बसायला आहे कोण आता? तुझ्या गाडीत मी व्यवस्थित बसतो. घाटात पाऊण तास दगडावर बसवलंस मला, ब्याऐंशीव्या वर्षी."

मी गप्प. घाटात ते खुशीत असल्याचा माझा समज किती खरा होता ते तेव्हा कळलं. फियाटमधला एकमेव हळवा माणूस मीच होतो, आणि माझं हळवेपण मी त्यांच्या नावावर खपवत होतो.

असो. तर मग मीही रेघ आखली. बाबांच्याच वहीत, त्यांच्या परवानगीने.

डावीकडे 'दुरुस्त'. लायनर आणि बाकीचं मिळून ऐंशी हजार. त्यात सुट्या भागांची भानगड वेगळी. मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नसती. आपण खासगी फियाटवाले इतकी वर्षं जगलो ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज धावत होत्या, आधी पेट्रोल-डिझेलवर आणि पुढे बऱ्याचशा सीएनजीवर. त्यांना रोज क्लच, बेअरिंग, रिंगा लागायच्या, म्हणून कुणीतरी ते बनवत होतं आणि विकत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. त्या दिवशी पेपरांत हळवे लेख आले. मिस्त्री म्हणाले, "आमच्यासाठी त्या दिवशी दुकान बंद झालं. आता माल जुन्या बाजारात शोधावा लागतो, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या गाडीतून काढावा लागतो."

शिवाय सरकार. ज्या सरकारने एके काळी नवी गाडी मिळू दिली नाही, तेच आता म्हणतंय जुनी काढा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१०पासून महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर. २०२१ साली भंगार धोरण आलं आणि २०२२च्या एप्रिलपासून नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो. आमची पन्नाशी २०३४ला. तोपर्यंत ती पुरातन नाही, नुसती म्हातारी. आणि २०२५पर्यंत पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं. जुन्या इंजिनातले रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा हे त्यासाठी बनलेलेच नाहीत. तेही बदलायला हवेत.

इथे सरकारवर चिडायला फार सोपं आहे. पण खंबाटकीत माझ्यामागे जो मोटारसायकलवाला माझा धूर खात आला, त्याच्या बाजूने पाहिलं तर सरकारचं म्हणणं पटतं. या गाडीला धूर गाळणारं काही नाही. पुढच्या सीटला एअरबॅग सोडा, धड पट्टा नाही. टंचाईच्या काळाबद्दल आपण आता गोडीने बोलतो, पण त्या काळात लोकांनी एकच गाडी तीस वर्षं चालवली ती हौसेने नव्हे. जिला पर्याय नसतो तिला निष्ठा म्हणू नये.

उजवीकडे 'देऊन टाकणे'. तीस हजार हातात, पार्किंगची जागा मोकळी, विम्याचा आणि कराचा खर्च बंद. बेरीज करायचीही गरज नव्हती. उजवी बाजू एक लाखाच्या वर फरकाने जिंकत होती.

मग बेरजेखालची ओळ. बाबांची पद्धत पाळायची तर विचारायला हवं, बसणार कोण? आजी २०११ साली गेली. बाबांना नको आहे. बायकोला नको आहे. मुलीला फोटोपुरती हवी आहे. खोटं लिहायचं नव्हतं. वहीत आजवर कुणी खोटं लिहिलेलं नाही.

दोन दिवस ते पान तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी ब्लॉक घासूनपुसून फळीवर ठेवला होता. चार भोकं, त्यांत चरा. त्या मापाचा विचार एका माणसाने १९३७ साली केला. सोलापूरच्या माणसाच्या हट्टाने ते माप कुर्ल्याला आलं. कुणा लेथवाल्याने ते दोनदा केसभर वाढवलं आणि आजीला दवाखान्यात नेलं. मिस्त्री म्हणाले, "लायनर ठोकणारा पुण्यात माझ्या ओळखीचा एकच राहिलाय. त्याचा मुलगा हे काम करत नाही. करायचं असेल तर यंदाच."

घरी आलो आणि ओळ लिहिली. 'गरज नाही. हौस आहे. ऐंशी हजारांच्या वर एक पैसाही नाही. घाट नाही. महिन्यातून एक रविवार.'

१९८४पासूनच्या त्या वहीत 'हौस' हा शब्द पहिल्यांदाच आला. १९९३ला नाइलाज होता, २००४ला हिशेब होता आणि आता हौस. प्रश्न तोच, इंजिनही तेच. बदललो ते आपण, आणि आपल्याला परवडायला लागलं ते. ऐंशी हजार हौसेवर उडवता येतात, ही गोष्ट अभिमानाची की लाजेची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यातले अर्धे पैसे मी यंदा केरळला न जाण्यातून काढले आहेत, हे घरच्यांसाठी जाहीरपणे नोंदवून ठेवतो. भावा, आता फोन करू नकोस.

वही बाबांना दाखवली. त्यांनी दोन्ही रकाने बोट ठेवून तपासले, बेरीज पाहिली, शेवटची ओळ वाचली. काही बोलले नाहीत. मग पुन्हा वर गेले आणि एका आकड्यावर बोट टेकवून थांबले.

"क्रँक ग्राइंडिंगचे एवढे? दोन हजार जास्त लावलेत त्याने. उद्या मला घेऊन चल गॅरेजला."

"कशातून जायचं?" मी विचारलं.

"तुझ्या गाडीतून," बाबा म्हणाले. "फियाट बंद आहे ना."